पंचनामा कोणाच्या दारात?

प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न असा होता : ‘पिण्याचं पाणी भांड्यातून कसं काढता? ओगराळ्याने, तांब्या बुडवून, की भांडं वाकडं करून?’ त्याखाली बारीक अक्षरात पाहणी करणाऱ्यासाठी सूचना : ‘बोटं पाण्याला लागतात का ते विचारू नये, पाहावे.’

आमची भाची कम्युनिटी मेडिसिनमध्ये एम.डी. करते. मेळघाटातल्या गावांत कॉलरा एका घरातून दुसऱ्या घरात कसा पोचतो, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिचे मामा, म्हणजे आमचे हे, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी विहिरी, पंप, टाक्या आणि टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या, पिशव्यांत गेली. ‘जरा वाचून बघा’ म्हणून तिने प्रश्नावली ह्यांच्या हातात दिली आणि वादाला तोंड फुटलं. जे ऐकलं ते जमेल तसं लिहिते आहे. मध्येमध्ये मीही तोंड घातलंय, तेही ठेवलंय.

मामा : हे सगळे प्रश्न उंबऱ्याच्या आतले आहेत. हात कधी धुता, शौचाला कुठे जाता, पोराच्या शीचं काय करता. बाईने तांब्या बुडवला की तुझी टिक. शेवटी निष्कर्ष काय निघणार ते आत्ताच सांगतो. ‘आरोग्यशिक्षणाची नितांत गरज आहे!’

भाची : निष्कर्ष आधीच ठरला असता तर मी कशाला घाट चढले असते, मामा? कॉलऱ्याचा रोगी घरात असला की पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त धोका त्याच घरातल्यांना असतो. जुलाबातून नुकताच बाहेर पडलेला जंतू हा पाण्यात पडून राहिलेल्या जंतूपेक्षा सहज लागतो. म्हणजे सुरुवात विहिरीने केली तरी पुढची साखळी घरात चालू राहते. शिवाय ज्यांना लागण होते त्यातल्या बहुतेकांना काही होतच नाही, किंवा साधे जुलाब होऊन थांबतात. ती माणसं दवाखान्यात येत नाहीत, पण त्यांच्या शौचातून जंतू काही दिवस पडत राहतो. ती मला कुठल्या रजिस्टरात सापडणार? घरातच जायला हवं.

मामा : 1854 साली लंडनमध्ये जॉन स्नोने दाखवून दिलं की पटकी पाण्यातून येते. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला, मिटलं. त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली आणि आपण अजून अभ्यासच करतोय.

भाची : दांडा 8 सप्टेंबरला काढला. तोवर साथ उतरणीला लागली होती, आणि हे खुद्द स्नोनेच मान्य केलंय. सगळ्यांना तो दांडाच आठवतो. त्याआधी तो माणूस दारोदार फिरला, ते कोणी सांगत नाही. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात 535 माणसं होती, त्यातली फक्त 5 गेली, कारण आश्रमाची विहीर वेगळी होती. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार पाण्याऐवजी बिअर पीत होते, ते वाचले. हे त्याला घरबसल्या कळलं का? आणि हेन्री व्हाइटहेड तर त्या मोहल्ल्यातल्या चर्चचा तरुण पाद्री. स्नोचं म्हणणं खोडून काढायला निघाला होता. घराघरांत बसून विचारत गेला आणि पहिली रोगी त्यालाच सापडली. 40 नंबरच्या घरातली तान्ही पोर. तिच्या आईने दुपटी धुतलेलं पाणी घरातल्याच शोषखड्ड्यात ओतलं होतं, आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून दोन-तीन फुटांवर. ‘पोराच्या शीचं काय करता’ या प्रश्नाला तुम्ही आत्ता हसलात ना? तिथे तोच प्रश्न कामाला आला.

मला हे माहीत नव्हतं. शाळेच्या पुस्तकातही तो दांडाच होता. पण आमचे हे माघार घेणाऱ्यांतले नव्हेत.

मामा : बरं, त्याच स्नोचं दुसरं काम घे. दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ. लँबेथ कंपनीने 1852 मध्ये आपला उपसा टेम्सच्या वरच्या अंगाला हलवला. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराची सगळी घाण जिथे मिसळते तिथलंच पाणी उचलत राहिली. साथीत एका कंपनीच्या 10,000 घरांमागे 37 मृत्यू, दुसरीच्या 315. रस्ता तोच, भिंतीला भिंत. त्या 315 वाल्या घरांतल्या बायका काय तांब्या बुडवणाऱ्या होत्या आणि शेजारच्या ओगराळंवाल्या? पाइप वेगळा होता, बाई.

भाची : आणि कुठल्या घरात कुठला पाइप, हे त्याने कसं शोधलं? बहुतेक भाडेकरूंना कंपनीचं नावच ठाऊक नव्हतं, पाणीपट्टी घरमालक भरायचा. स्नो पावती मागायचा. पावती नसली की घरातलं पाणी बाटलीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचा. खालच्या अंगाच्या पाण्यात भरतीमुळे मीठ जास्त, लगेच दाट पांढरा साका धरायचा. म्हणजे पुन्हा दारातच.

मामा : दारात गेला, पण विचारलं काय? पावती. हात धुता का, हे नाही विचारलं.

वादात एखादं वाक्य असं येतं की त्याच्यापुढे बाकीचं बोलणं पालथं पडतं. माझ्या मते ते हेच होतं. भाचीला मात्र तसं वाटलं नाही. तिच्याकडे अजून कलकत्ता शिल्लक होतं.

भाची : 1980च्या दशकात कलकत्त्याच्या वस्त्यांत एक प्रयोग झाला. ज्या घरात कॉलऱ्याचा रोगी, त्या घरांचे तीन गट केले. एका गटाला अरुंद तोंडाची मातीची सुरई दिली, एकाला पाण्यात टाकायला क्लोरीन, आणि तिसऱ्याला काहीच नाही. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्या घरांत इतरांना लागण 17 टक्क्यांच्या आसपास, क्लोरीनवाल्यांत 7 आणि सुरईवाल्यांत 4 च्या थोडी वर. क्लोरीनपेक्षा सुरई सरस ठरली, मामा! कारण तिच्यात हातच जात नाही. तेच नळ, तीच वस्ती, तीच गरिबी. बदललं काय, तर भांड्याचं तोंड.

इथे मी मध्ये पडले. आमच्या घरात माठावर झाकणी असते, ओगराळं शेजारच्या खिळ्याला. तरी पाहुण्यांचं पोर आलं की सरळ पेला बुडवतं, आणि मी न बोलता सगळा माठ ओतून पुन्हा भरते. माझ्या अंगणात नळ आहे, म्हणून ओतते. जिने गुंड डोक्यावर घेऊन टेकडी चढून आणलाय ती ओतेल का? भाचीने ते लगेच वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, “मामी, हा प्रश्न राहिलाच होता.” मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग साडीची गोष्ट निघाली. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचं काम 1960च्या दशकापासून चालू आहे. गावागावातले जन्म-मृत्यू, कोण कुठे राहायला गेलं, सगळ्याची नोंद तिथे वर्षानुवर्षं होते. जगाला कॉलऱ्याबद्दल आज जे कळलंय त्यातलं पुष्कळसं त्या नदीकाठच्या गावांनी शिकवलंय. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या बारीक प्लवकजीवांना चिकटून राहतो, हे रीटा कोलवेल यांचं म्हणणं. मग ते जीवच गाळून टाकले तर? जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या घालायच्या आणि त्यातून पाणी गाळायचं. धुऊन धुऊन सूत फुगतं, विणीतली भोकं लहान होतात, म्हणून नव्यापेक्षा जुनी साडी चांगली. 2003 साली निकाल छापून आला तेव्हा कॉलरा 48 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. आपल्याकडे वस्त्रगाळ पाणी काही नवं नाही. पण आपली आजी कचरा आणि किडे गाळत होती, चार घड्यांचा हिशेब तिच्याजवळ नव्हता.

मामा : छान. साडी तिची, सुरई तिची, हात तिचे. रोज दोन वेळा गाळायचं तेही तिनेच. तुमचा एकेक शोध लागतो आणि बाईच्या मागे एकेक काम वाढतं. टाकीत टीसीएल टाकणारा एक माणूस नीट ठेवला, हजार लिटरला 5 ग्रॅम या हिशेबाने, तर गावातल्या सगळ्या साड्या मोकळ्या होतात.

भाची : पाइप येईपर्यंत काय करायचं, ते सांगा ना. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस होते. सलाईनच्या बाटल्या संपल्या. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यू 30 टक्क्यांच्या आसपास होते, ते 4 च्या खाली आले. ‘आधी पाणीपुरवठा योजना मंजूर करा’ म्हणून ते हात बांधून बसले असते तर?

मामा : तो उपचार झाला. त्याला कोण नाही म्हणतंय? आपण पसरण्याबद्दल बोलतोय.

भाची : पसरण्याबद्दलच बोलते. त्याच मतलब भागात ट्यूबवेल खणल्या. 1970च्या दशकात पाहणी केली तर ट्यूबवेलचं पाणी पिणाऱ्यांत कॉलरा कमी दिसलाच नाही. पिण्याचं पाणी ट्यूबवेलचं, पण आंघोळ, भांडी, चूळ भरणं सगळं तळ्यात आणि खाडीतच. पुढे त्या ट्यूबवेलमधून आर्सेनिक निघालं, ते वेगळंच रामायण. आणि तुमचा पाइप तरी स्वच्छ असतो का हो?

हा बाण बरोबर बसला, कारण त्याचं उत्तर ह्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? उत्तरही ह्यांनीच दिलं, अगदी चवीने. नळाला पाणी दिवसाआड, तेही तास-दीड तास. बाकीचा वेळ पाइप रिकामा. रिकामा पाइप स्वस्थ बसत नाही. आतला दाब गेला की जिथे सांधा ढिला असेल तिथून तो बाहेरचं पाणी आत ओढतो. व्हॉल्व्हचा खड्डा पावसाळ्यात तुडुंब, त्यात चप्पल, पाला, शेजारच्या गोठ्याचं पाणी. गावाच्या टोकाला दाब पुरत नाही, म्हणून लोक नळ तोडून जमिनीखाली खड्डा करतात आणि त्यात बादली उतरवून भरतात. पुरवठा बंद झाला की खड्ड्यातलं तेच पाणी तोटीतून परत पाइपात. पुढच्या वेळी पाणी सुटलं की ते पहिल्यांदा ज्याच्या घरी येतं त्याच्या पेल्यात काय पडतं, ते सांगायला नको. हे सांगताना ह्यांचे हात हवेत पाइप जोडत होते.

भाची : बघा! मग पाइपपण अभ्यासायला हवा की नको?

मामा : मी कधी नको म्हटलं? मी म्हणतोय, तुझ्या प्रश्नावलीत तो कुठे आहे ते दाखव.

नव्हता. ‘पाण्याचा मुख्य स्रोत’ एवढा एक प्रश्न होता, खाली चार चौकटी : नळ, विहीर, हातपंप, इतर.

मग 2022 चा जुलै निघाला. मेळघाटातल्याच चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलऱ्याने माणसं गेली, ते अमरावतीत सगळ्यांना आठवतं. तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं की वीजबिल थकल्यामुळे पंपाची वीज तोडली होती, नळ कोरडे पडले आणि ऐन पावसाळ्यात गावाने उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं. म्हणजे गावात नळयोजना होती. कागदावर ‘स्रोत’ या रकान्यात ‘नळ’ लिहिलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं.

मामा : आता तुझी प्रश्नावली त्या गावात ने. हात धुता का? नाही. ओगराळं आहे का? नाही. शौचाला कुठे? रानात. तुझं सगळं गणित जुळेल आणि थकलेलं बिल कुठेच येणार नाही. कारण बिलाला तू विचारलंच नाहीस. ते दार उघडून बसत नाही ना, तिथल्या कोरकू बाईसारखं.

भाची : पण मामा, रानात जाणं आणि तांब्या बुडवणं वीज होती तेव्हाही होतंच. विहिरीतलं पाणी एकच, तरी काही घरांत चौघं आजारी आणि शेजारच्या घरात कोणीच नाही, असं साथीत होतंच होतं. ते का, हे बिल सांगणार नाही.

माझ्या मते इथे दोघांचंही बरोबर होतं आणि दोघंही एकमेकांच्या प्रश्नाला उत्तर देत नव्हते. ‘साथ का आली’ हा एक प्रश्न आणि ‘साथीत कोणाला लागली’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गावात एकच असतं, दुसऱ्याचं घरागणिक बदलतं. अडचण अशी की दुसरा प्रश्न विचारणं सोपं आहे. गरीब माणूस डॉक्टरला दारातून परत पाठवत नाही. खाट टाकतो, पाणी देतो, विचाराल ते सांगतो. कार्यालयात साहेब दौऱ्यावर असतात. त्यामुळे वर्षानुवर्षं ज्या घरांची दारं उघडी, त्यांच्याच सवयींचे ढीग संशोधनात साचत जातात.

उलटं घडलेलं एक उदाहरण भाचीनेच काढलं. ऑक्टोबर 2010 मध्ये हैतीत कॉलरा आला. भूकंपाला वर्षही झालं नव्हतं, घाण आणि गरिबी सगळीकडे, त्यामुळे ‘मूळ शोधून काय मिळणार, उपचार करा’ असं म्हणणारे जाणकार पुष्कळ होते. फ्रान्सचे रेनो पियारू तिथे गेले आणि पहिले रोगी कुठल्या गावचे, कुठल्या दिवसाचे, ते नकाशावर मांडत गेले. नकाशा त्यांना आर्तिबोनित नदीच्या एका उपनदीवर घेऊन गेला. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती आणि नेपाळहून सैनिक नुकतेच आले होते. छावणीचा मैला पाण्यात जात होता. पुढे जंतूंच्या जनुकांची तुलना झाली, तीही नेपाळशी जुळली. 2016च्या डिसेंबरात बान की-मून यांनी माफी मागितली. तोवर लागण 8 लाखांच्या घरात आणि मृत्यू सुमारे 10,000.

मामा : हा खरा पंचनामा. तो रोग्याच्या दारातून निघाला आणि छावणीच्या फाटकापर्यंत गेला.

भाची : रोग्याच्या दारातून निघाला, एवढं तरी म्हणालात.

त्यानंतर दोघं एकदम कामाला लागले. ह्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रश्नावलीला नवीन पान जोडलं. मागच्या महिन्यात पंप किती दिवस चालला. बिल कोणाच्या नावावर, किती महिने बाकी. जलसुरक्षकाला शेवटचा पगार कधी मिळाला. पाण्याच्या तपासणीत गावाला या वर्षी कुठलं कार्ड मिळालं, हिरवं, पिवळं की लाल. ती म्हणाली, क्लोरीनच्या ओटी टेस्टचं रजिस्टर बघेन. त्यावर हे हसले.

मामा : रजिस्टर कशाला बघतेस? ते महिन्याच्या शेवटी एका बैठकीत लिहितात, एकाच शाईने. टीसीएलची पिशवी कुठे ठेवलीय ते विचार. तोंड उघडं असेल, खोली ओली असेल, तर त्यातला क्लोरीन कधीच उडाला. मग तो माणूस विहिरीत इमानदारीने चुनाच टाकतोय. टेस्ट तू स्वतः कर, आणि टाकीजवळ करू नको. शेवटच्या घराच्या नळाला कर.

तिने सगळं लिहून घेतलं. मग सहज म्हणाली, प्रबंधात गावांना ‘गाव अ’, ‘गाव ब’ अशी नावं द्यावी लागतील. तिथे पुन्हा पेटलं.

मामा : का? घरांची नावं लपव, बरोबर आहे. कोणाला जुलाब झाले ते चारचौघांत कशाला? पण पंपाला कसली लाज? स्नोने कंपन्यांची नावं छापली होती. नाव झाकलंस तर बिल थकवणारा आणि वीज तोडणारा दोघंही ‘गाव अ’च्या पदराआड सुखाने झोपतील.

भाची : नाव छापलं की ते पाइपला चिकटत नाही, मामा. माणसांना चिकटतं. 1866 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत बोट कोणाकडे गेलं? हरिद्वारच्या यात्रेकडे आणि हजला जाणाऱ्यांकडे. पंढरीच्या वारकऱ्यांकडेही गोऱ्या साहेबांचे अहवाल त्याच नजरेने बघत होते. उद्या त्या गावचा मजूर शहरात कामाला आला की ‘हा कॉलऱ्याच्या गावचा’. आणि पुढच्या वर्षी साथ आली तर नमुना प्रयोगशाळेत जाणारच नाही. ‘गॅस्ट्रो’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. मग तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

मी ह्यांच्या बाजूने बोलणार होते. वारकऱ्यांचं नाव निघाल्यावर थांबले.

मामा : बरं, गावाचं नको. योजनेचं छाप. कुठल्या साली मंजूर झाली, किती खर्च आला, पंप किती महिने बंद होता.

भाची : त्यावरून गाव मिनिटात ओळखता येतं.

मामा : आलं तर येऊ दे की.

भाची : एथिक्स कमिटी नाही म्हणेल.

मामा : कमिटीत पाणीपुरवठ्याचं कोणी आहे?

भाची : डॉक्टर आहेत, एक वकील आहे, एक समाजसेवक आहेत.

मामा : मग दोन मसुदे कर. एक नाव घालून, एक झाकून. दोन्ही घेऊन जा आणि झाकायचं का, ते त्यांच्याकडून लेखी घे.

तिने गाइडना विचारते म्हटलं. हे म्हणाले, विचार, पण लेखीच घे.